चार जोड्या आणि वरचं एक

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत कुणाला भाड्याची मोटार करायची असली, की तो आधी मायाप्पाकडे यायचा आणि मग मोटारवाल्याकडे जायचा. मायाप्पा गिरणीतला साचेवाला, म्हणजे मागावरचा विणकर. मोटार त्यानं जन्मात चालवली नाही, तिच्या पोटात काय असतं यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण मोटार ठरवावी कशी, बायकापोरं घेऊन नदीवर मासळीला जावं कसं आणि धडपणी घरी परत यावं कसं, यात त्याचा हात धरणारा माणूस पेठेत नव्हता.

ओट्यावर बसून तो समोरच्याला सांगायचा, "आदी स्टेपनी बघा. नुसती डोळ्यांनी बघू नका, मूठ मारून बघा. जायाचं ठरवता तसं यायाचंबी आदीच ठरवा. पान्याच्या दोन घागरी घ्या, एक मानसांची, एक इंजनाची, आन् इंजनाची घागर पोरांच्या हाती लागू देऊ नका. मासळी गादीखाली ठिवू नका, लिंबाच्या पाल्यात आन् ओल्या पोत्यात गुंडाळून भाईर बांधा. आन् मोटार वाळूत उतरवू नका. वाळूत रुतलेली मोटार आन् रुसून म्हायेरी गेलेली बायकू, दोगींस्नीबी आनाय चार मानसं लागत्यात."

लोक हसायचे. मग मायाप्पा उजव्या हाताची दोन बोटं फाकवून पुढे धरायचा आणि शेवटचं सांगायचा, "निगताना मानसं मोजा. दोनदा मोजा."

"मानसं काय मेंढरं हायती व्हय रं, मोजाय?" एखादा चेष्टेत विचारायचा.

यावर मायाप्पा कधी हसला नाही. तो उठून आत जायचा, आणि लोकांना वाटायचं, धनगराला मेंढरांवरून बोललेलं लागलं असणार. लोकांना काय, वाटायला फुकटच असतं.

हे सगळं शहाणपण मायाप्पाला एका दिवसात आलं होतं. बत्तीस सालच्या चैत्रातला तो रविवार.

मायाप्पा मूळचा सांगोल्याकडचा. बाप लवकर गेला. पुढं एका वर्षी रोगानं मेंढरं गेली, तेव्हा बनाबाई एकुलत्या एका पोराला घेऊन चालत चालत सोलापूरला आली. गिरणीच्या भोंग्याला ती पहिले चार दिवस दचकायची, नंतर त्याच भोंग्यावर भाकरी थापायला लागली. बाई उंच, काटक, आवाज रानातला. अमुक माणूस मोठा म्हणून त्याला अहोजाहो करावं, हे तिच्या गावीही नव्हतं. देवाला आपण अरेतुरे करतो, मग मुकादमाला कशाला अहो म्हणायचं, असा तिचा सरळ हिशेब.

मोजायला मायाप्पाला तिनंच शिकवलं होतं. शाळा नाही, पाटी नाही. संध्याकाळी मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कोंडवाड्यात, शिरायला लागली की बनाबाई तोंडाशी उभी राहायची. दोन बोटं फाकवायची, आणि आत जाणाऱ्या एकेका जोडीवर ती बोटं रोखायची. दहा जोड्या झाल्या की एक खडा बाजूला. मोजणी पुरी झाली की बोटं मिटायची आणि वाघर बांधायची. जोडीत न बसणारं जे उरेल त्याला ती 'वरचं एक' म्हणायची. "जोड्या आपापल्या येत्यात रं," ती पोराला सांगायची, "पर वरचं एक ऱ्हातंय मागं. लंगडं असतंय, गाभणं असतंय, न्हायतर म्हातारं असतंय. त्येच्यासाटनं थांबावं लागतं." एक जरी कमी भरलं तरी बाई ताटावरून उठायची आणि अंधार पडायच्या आत हाका मारत रान पालथं घालायची.

अशा बाईचा हा मुलगा. बत्तीस साली तो गिरणीत सहा वर्षांचा जुना होता, पण बदलीवाला. बदलीवाला म्हणजे रोज पहाटे फाटकापाशी उभं राहायचं, कुणी खाडा केला तर त्याच्या साच्यावर जायचं, नाहीतर तोंड घेऊन घरी यायचं. त्या चैत्रात साचेखात्यातला एक म्हातारा विणकर काम सोडून गावी गेला आणि एक कायमची जागा मोकळी झाली. तिथं कुणाचं नाव घालायचं हे साहेबाच्या हातात होतं, आणि साहेबाचे कान साचेखात्याच्या मुकादमाच्या, म्हणजे जॉबर हिंदुरावाच्या हातात होते. फाटकापाशी उभे राहणारे बदलीवाले तेरा.

एक दिवस हिंदुराव पान लावता लावता म्हणाला, "आमच्या गोजरबाईनं मरळ मासळीचा ध्यास घेतलाय लेका. बाजारातली नको म्हनती. नदीची पायजे, ताजी."

मायाप्पाच्या तोंडून निघून गेलं, "मग जाऊ की रविवारी शिना नदीला. मोटार करतो मी. समदी घरची मानसं घिऊन जाऊ."

बोलून तर बसला. मोटारीत तो स्वतः कधी बसला नव्हता. भाड्याचं त्यानं कसंबसं जुळवलं आणि स्टेशनाजवळच्या एका मोटारवाल्याकडून कापडी टपाची एक जुनी गाडी ठरवली. ड्रायव्हर दस्तगीर. त्यानं विचारलं, "लोगां कित्ते?" मायाप्पा म्हणाला, "घरचीच हायत." स्टेपनीचं त्याला माहीतच नव्हतं, तर तो बघणार काय?

घरी मात्र आनंदीआनंद झाला. बायको तानाबाईनं ठेवणीतलं लुगडं काढून ठेवलं. सात वर्षांची केरा पेठभर सांगत फिरली. आणि बनाबाईनं तर शनिवारीच गळ, दोरी, कणकेचा गोळा अशी सगळी तयारी करून ठेवली. रविवार खंडोबाचा, त्या दिवशी ती मांसमासळी खात नसे. "मला खायाची न्हाय, पर धरून तर देते की," ती म्हणाली. तिचं लहानपण माणनदीच्या डोहांवर गेलेलं, मासळी तिला पाण्यावरून कळायची.

रविवारी सकाळी हिंदुराव, गोजरबाई आणि त्यांची दोन पोरं येऊन उभी राहिली, तेव्हा दस्तगीरनं सगळ्यांवरून नजर फिरवली.

"गाडी पाच लोगां की है भाई. तुमे मेरेकू पकडके नौ होते."

"नऊ कुटं? पोरं हायत की त्यात."

"पोरां क्या हवा के हैं?" दस्तगीर म्हणाला, पण हँडल मारायला गेला.

पुढे दस्तगीर, हिंदुराव आणि त्याचा थोरला. मागे गोजरबाई धाकट्याला घेऊन, शेजारी तानाबाई केराला घेऊन. बनाबाई मागच्या दोघींच्या पायांशी, घोंगडीची घडी करून तिच्यावर. मायाप्पा बाहेर फूटबोर्डवर, दाराला धरून. गाडी विजापूरच्या रस्त्याला लागली तेव्हा बनाबाई मान वर करून टपाकडे, झाडांकडे, लेकाकडे बघत होती. तोंडभर हसत होती. वारा लागतो म्हणून तिनं घोंगडी उलगडून केराच्या अंगावर घातली, आणि गोजरबाईनं पदर नाकाला लावला.

मायाप्पानं ते बघितलं. त्याला आईची लाज वाटली. त्या दिवशीची ही पहिली लाज, आणि ती चुकीच्या जागी बसली. चुकीच्या जागी बसलेली लाज माणसाला कुठं नेईल सांगता येत नाही.

नदीला पाणी कमी, डोह तेवढे भरलेले. रस्ता सोडला की काठाचा लांब उतार होता. दस्तगीर वरच गाडी थांबवत होता, पण हिंदुराव म्हणाला, "पार पान्यापतूर ने की. मोटार केलीय का गंमत?" मायाप्पानंही री ओढली. गाडी खाली गेली आणि वाळूत फसली. दस्तगीर टप सावलीला करून खुशाल झोपला.

हिंदुराव गळ टाकून बसला. तासभर झाला, गळाला शेवाळ तेवढं लागलं. गोजरबाई करंजाच्या सावलीत बसून त्याच्याकडे बघत होती आणि तिचं बघणं त्याला टोचत होतं. तेवढ्यात बनाबाई मागून गेली आणि तिनं सरळ त्याच्या हातावर चापट मारली.

"आरं हिंदू, गळ काय वल्ह्यागत धरत्यात व्हय? सोड. पान्यावर सावली पाडू नगं तुजी. मासा काय आंधळा हाय?"

साचेखात्यातली तीनशे माणसं ज्याला 'जॉबरसाहेब' म्हणायची, त्या माणसाला आईनं 'हिंदू' म्हटलं आणि वर चापट मारली. हिंदुराव हसला, पण ओठांनीच. त्याची दोन्ही पोरं मात्र पोट धरून हसली. मायाप्पाच्या पायाखालची वाळू सरकली. तो धावत गेला आणि आईच्या कानाशी म्हणाला, "आई, गप बस की जरा. तिकडं लांब जाऊन बस."

बनाबाईनं त्याच्याकडे बघितलं. मग लांब जाऊन, पलीकडच्या डोहाशी एकटीच बसली. दुपार कलायच्या आत तिनं हाताएवढ्या दोन मरळी आणि एक वाम काढली. ती मासळी बघून गोजरबाईची कळी खुलली. हिंदुरावही खुलला. भाकऱ्या सोडल्या, तानाबाईनं तीन दगडांवर कालवण केलं ते वामीचं. मरळी गोजरबाईनं घरी न्यायला राखून ठेवल्या. बनाबाईनं चटणीशी भाकरी खाल्ली. तिला कुणी काही विचारलं नाही.

जेवण झाल्यावर मोटारीची आठवण झाली. वाळूतून काढायला तास गेला, मायाप्पाचं धोतर गुडघ्यापर्यंत फाटलं. बाहेर निघाली तर मागचं चाक बसलेलं. दस्तगीरनं स्टेपनी काढली तर तीही पापडासारखी. "तुमे पूछेच नहीं," तो मायाप्पाला शांतपणे म्हणाला, आणि ठिगळ लावत बसला. हिंदुराव घड्याळ काढून काढून बघत होता. संध्याकाळी त्याच्या पुतणीला बघायला सोयरे येणार होते.

"मायाप्पा, लेका, ही मोटार का बैलगाडी?"

"व्हईल आता, साहेब."

"व्हईल न्हवं. उद्या सायबाम्होरं तुजं नाव काढायचं मनात हाय माज्या. पर आज सोयऱ्याम्होरं माजी शोभा झाली तर माजंबी डोकं ठिकान्यावर ऱ्हानार न्हाय."

बाजूला गोजरबाई नवऱ्याला सांगत होती, ऐकू जाईल अशा बेतानं, "येताना त्या म्हातारीला दुसरीकडं कुटं बसवा. घोंगडीचा वास, त्यात आता मासळीचा. न्हायतर मीच चालत येते."

मायाप्पा आईकडे गेला. "आई, त्या मरळी नीट पाल्यात गुंडाळ. पोतं चांगलं भिजवून घे. वास येता कामा नये."

"घेते की," बनाबाई म्हणाली आणि पाटी घेऊन पाण्याकडे गेली.

चाक लागलं. दस्तगीर म्हणाला, भरली गाडी उतार चढणार नाही, सगळ्यांनी चालत वर या, मी रिकामी गाडी रस्त्यावर बाभळीखाली लावतो. सगळे चढून वर आले. हिंदुराव सगळ्यात आधी. पोरं पळत. गोजरबाई धापा टाकत. तानाबाई झोपलेल्या केराला खांद्यावर घेऊन. एकेक जण गाडीत बसला. मागे पायांशी जागा मोकळी होती. गोजरबाईनं पाय लांब केले आणि म्हणाली, "आता कसं बसल्यागत वाटतंय."

दस्तगीरनं हँडल मारलं. गाडी धडधडायला लागली.

"सब आये क्या?" त्यानं विचारलं.

मायाप्पा फूटबोर्डवर एक पाय ठेवून उभा होता. त्याची दोन बोटं आपोआप फाकली. दस्तगीर आणि हिंदुराव, एक जोडी. दोघं पोरं, दुसरी. गोजरबाई आणि तानाबाई, तिसरी. केरा आणि आपण स्वतः, चौथी. चार जोड्या भरल्या.

वरचं एक नव्हतं.

उताराकडे त्यानं बघितलं नाही. बघितलं असतं तर थांबावं लागलं असतं. थांबलं असतं तर आणखी पाव तास, घोंगडी, ओली पाटी, गोजरबाईचा पदर, हिंदुरावाचं घड्याळ, आणि उद्या पहाटे पुन्हा फाटकापाशी तेरा जणांत उभं राहणं. हे सगळं त्याच्या डोक्यातून एका दमात गेलं. आईला रस्ता ठाऊक आहे, आई चालत येते, ती सांगोल्याहून सोलापूरला चालत आली, असंही गेलं. त्यानं बोटं मिटली.

"आले समदे," तो म्हणाला. "चल."

गाडी निघाली आणि मागच्या बाजूला तानाबाईच्या बांगड्या वाजल्या. पुढे हिंदुराव बसलेला. परक्या मोठ्या माणसासमोर घरच्या बाईनं आवाज काढायचा नाही, नवऱ्याला नावानं हाक मारायची नाही, ही रीत. तानाबाईचा पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. तिनं पुन्हा बांगड्या वाजवल्या. खोकली. मग हात बाहेर काढून तिनं मायाप्पाच्या धोतराचं टोक ओढलं, एकदा, दोनदा. फूटबोर्डवर उभा राहून मायाप्पा समोरच्या रस्त्याकडे बघत होता. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येतंय असं तो स्वतःला सांगत होता.

अर्ध्या वाटेत हिंदुरावानं विचारलं, "मरळी कुटं ठिवल्या?"

"मागं बांधून ठिवल्यात," मायाप्पा म्हणाला. "वास नको म्हनून. सांजच्याला घरी आनून देतो."

पेठेत उतरल्यावर, जॉबरमंडळी गेल्यावर, तानाबाई पहिल्यांदा बोलली.

"आत्याबाई मागं ऱ्हायल्या."

"ऑं?" मायाप्पा म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला परक्याचा वाटला. "मोजन्यात चूक झाली गं. गडबडीत."

तानाबाईनं मान डोलावली. खोटं मानलं असतं तर ते घेऊन संसार करायचा होता, म्हणून तिनं खरं मानलं.

दस्तगीर गाडी घेऊन कधीच गेला होता. मायाप्पा विजापूरच्या रस्त्यानं चालत सुटला. जकात नाक्यापाशी, दिवेलागणीला, समोरून आई येताना दिसली. डोक्यावर पाटी, खांद्यावर घोंगडी, चाल तीच, संथ. पाटीतलं पोतं अजून ओलं होतं. वाटेत विहिरीवर थांबून तिनं ते पुन्हा भिजवलं होतं.

"आई, मोजन्यात चुकलो गं," तो म्हणाला.

"व्हय का?" बनाबाई म्हणाली. तिनं पाटी त्याच्या डोक्यावर दिली. "जा, आदी ही दिऊन ये. ताजी हाय तवर."

तो गेला. आईनं दहा मैल डोक्यावरून आणलेल्या मरळी त्यानं जॉबरच्या दारात नेऊन दिल्या, आणि हिंदुरावानं पाठीवर थाप मारली तेव्हा तो हसलासुद्धा. त्या हसण्याची आठवण झाली की पुढं कितीतरी वर्षं तो बसल्या जागी डोळे मिटायचा.

शेजारणींनी विचारलं तेव्हा बनाबाईनं सांगितलं, "मीच म्हनलं, तुमी व्हा म्होरं. मला चालाय बरं वाटतंय."

आठ दिवसांत मायाप्पा कायम झाला. घरात शिरा झाला. पुढं चांगली माणसं भेटली, साचा चांगला मिळाला, हिंदुराव नंतर दुसऱ्या गिरणीत गेला, सगळं सुरळीत चाललं. पण आई त्या दिवसानंतर मोटारीत बसली नाही. कुंभारीला तिची भाची होती, तिच्याकडे जायचं झालं तर सर्व्हिस मोटार दारावरून जात असताना बनाबाई उन्हातून चालत जायची. कुणी आग्रह केला तर तेच उत्तर, "मला चालाय बरं वाटतंय." हे वाक्य ऐकलं की मायाप्पा घरातून उठून बाहेर जायचा. आपण गरीब होतो, अडलेले होतो, सगळं त्याला मान्य होतं, आणि तरी त्याला स्वतःची शरम वाटायची. अडलेली माणसं तेराची तेरा होती. त्यांतला एकजण मोजून खोटं बोलला होता.

पन्नासदा त्याच्या ओठांवर आलं असेल, की आई, मी चुकलो नव्हतो. पण 'चुकलो' म्हणणं सोपं असतं, 'चुकलो नव्हतो' म्हणणं जड. मग तो ओट्यावर जाऊन बसायचा आणि आल्यागेल्याला मोटारीच्या गोष्टी शिकवायचा. स्टेपनी बघा, वाळूत उतरवू नका, दोनदा मोजा. वाळूत गेलेली गाडी, बसलेलं चाक, सगळं तो रंगवून सांगे. हसवून हसवून सांगे. आईचं मात्र एवढंच, की गडबडीत मोजायचं चुकलं आणि म्हातारी राहिली.

सात वर्षांनी केराचं लग्न ठरलं, अकलूजकडच्या मळ्यात. वऱ्हाड मोटारीनं जायचं. मायाप्पानं जाऊन दस्तगीरलाच गाठलं. या वेळी त्यानं दोन गाड्या ठरवल्या, दोन्ही स्टेपन्यांवर मूठ मारली, परतीचं आधी बोलून घेतलं. निघायच्या सकाळी पेठेतली माणसं निरोपाला जमली. पहिली गाडी भरून पुढं गेली. दुसऱ्या गाडीत केरा मुंडावळ्या बांधून बसली होती, शेजारी तानाबाई. बनाबाई बाहेर ओट्यापाशी काठी टेकून उभी होती. आता तिला नीट दिसत नव्हतं.

"आज्जी बसल्याबिगर गाडी हलायची न्हाय," केरानं आतून सांगितलं.

"मी येते की मागनं. मला चालाय..."

"अकलूजला?" केरा म्हणाली. "लगीन व्हऊन पोरं व्हतील मला तवर."

सगळे हसले. बनाबाईही हसली, पण हलली नाही. मायाप्पा तिच्याजवळ गेला. गाडीच्या दारापासून दोन पावलांवर ते दोघं उभे होते. आज बोललो नाही तर आई आणखी एकदा मागं राहील, आणि या खेपेला तिच्या पायांत तेवढं चालणं उरलेलं नाही, हे त्याला दिसत होतं.

"आई," तो हळू म्हणाला, "त्या शिनंच्या दिशी... मी मोजन्यात चुकलो नव्हतो."

बनाबाईनं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "मी उतार चढत हुते. तू बाभळीखाली हुतास. बोटं फाकवलीस. चार जोड्या मोजल्यास, मग जरा थांबलास, मग बोटं मिटलीस. मी हाक मारनार हुते. मग म्हनलं, ऱ्हाऊ दे. पोरगं मोजाय तर नीट शिकलंय."

हे ती रागानं बोलली असती तर त्याला सोसवलं असतं. तिनं ते जसं घडलं तसं सांगितलं.

मग तिनं हात पुढे केला, दार चाचपलं आणि आपणहून गाडीत चढली. पायांशी नाही, केरा आणि तानाबाईच्या मधे गादीवर बसली. केरानं तिला घट्ट धरलं.

दस्तगीरनं हँडल मारलं. गाडी धडधडायला लागली. "सब आये क्या?" त्यानं विचारलं.

पेठेतली माणसं मायाप्पाकडे बघत होती. आता हा बोटं फाकवणार, दोनदा मोजणार, हे सगळ्यांना पाठ होतं. मायाप्पानं हात उचलला, पण बोटं फाकेनात. मागच्या बाजूला तानाबाईच्या बांगड्या वाजल्या.

या वेळी त्यानं वळून बघितलं. तानाबाई दाराशीच बसली होती. तिनं मायलेकांचं सगळं बोलणं ऐकलं होतं, आणि पदर मागं सारून ती सरळ त्याच्या तोंडाकडे बघत होती.